दप्तरं एकमेकांशी बोलू द्या, शेतकऱ्याला कशाला पळवता?

वाचकहो, सोमवारी सकाळी औशाच्या बसस्टँडवर जरा उभे राहून बघा. किल्लारी, लामजना, मातोळा, उजनी, भादा अशा गावांकडून आलेल्या गाड्यांतून माणसं उतरतात. त्यातल्या निम्म्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, दोन-चार फोटो आणि तळाशी फडक्यात बांधलेली भाकरी. भाकरी कशासाठी? काम आज होणार नाही हे घरून निघतानाच माहीत असतं म्हणून.

मागल्या महिन्यात आमच्या भावकीतले एक काका तिथंच भेटले. म्हटलं, "कुठं चाललाव काका?" तर म्हणाले, "जायलोय बाबा हापिसात. नाव जुळंना म्हणायलेत. साठ वर्सं ह्याच नावानं जगलो, ह्याच नावानं लेकरांची लग्नं केली, आन् आता म्हणायलेत नाव जुळंना!"

हसू आलं, पण ते घशातच अडकलं. काकांच्या सातबाऱ्यावर नाव एक, आधारवर त्यालाच 'राव' लागलेलं आणि पासबुकात तेच नाव इंग्रजीत भलत्याच स्पेलिंगनं. माणूस एक, जमीन एक, बांध एक. कागदावर मात्र तीन माणसं. अनुदान कुणाला द्यायचं म्हणून यंत्र अडून बसलं आणि त्या यंत्राची समजूत घालण्यासाठी काकांनी एस.टी.ची सात तिकिटं फाडली.

आज या सात तिकिटांबद्दलच बोलायचं आहे. ही तिकिटं फाडावी लागू नयेत अशी युक्ती जगात शोधली गेली, त्याला बरीच वर्षं झाली. ती आपल्या दारापर्यंत आलीही आहे. पण उंबऱ्यावर अडली आहे.

किती दप्तरं, किती दारं

आधी मोजून घेऊ. तुमच्या-माझ्यासारख्या खातेदाराची माहिती सरकारकडे किती ठिकाणी आहे? सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. पेरा ई-पीक पाहणीत. पीकविमा विमा कंपनीकडे. कर्ज सोसायटीत आणि बँकेत. ठिबकचा आणि अवजाराचा अर्ज महाडीबीटीवर. पीएम किसानची नोंद दिल्लीच्या यादीत आणि आधार आणखी तिसरीकडे.

ही सगळी दप्तरं आता संगणकात गेली आहेत. पण संगणकात गेली म्हणजे एकत्र आली असं नव्हे. प्रत्येक खात्यानं आपापला संगणक आणला, आपापल्या पद्धतीनं रकाने पाडले. कुणी आधी आडनाव लिहिलं, कुणी आधी स्वतःचं नाव. कुणी हेक्टर-आर लिहिलं, कुणी एकर-गुंठे. पूर्वी कपाटं वेगळी होती, आता संगणक वेगळे आहेत. आणि या संगणकातून त्या संगणकाकडे निरोप नेणारा शिपाई कोण? तर पिशवी घेतलेला शेतकरी.

सावडीचं गणित

आता जगानं काय युक्ती काढली ते बघा. समजा सात कार्यालयांकडून सात गोष्टी विचारायच्या आहेत. एकाचं उत्तर आलं की दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं आलं की तिसऱ्याकडे असं गेलं, तर सातांचा वेळ एकमेकांत मिळवावा लागतो. पण सातांनाही एकाच वेळी विचारलं तर? मग जो सगळ्यात उशिरा उत्तर देईल, तेवढाच वेळ लागतो. हे कळायला इंजिनिअर व्हायला नको. आपल्याकडं खुरपणीला सावड करतात तेव्हा हेच गणित असतं. एका बाईनं दहा पाती लावायची म्हटलं तर आठवडा जातो. दहा जणींनी एकेक पात धरली की दिवस मावळायच्या आत रान मोकळं.

माहिती रकान्यांच्या तक्त्यांत मांडायची आणि दोन तक्त्यांना समान असणाऱ्या खुणेनं ते जोडायचे, हा पाया एडगर कॉड या आय.बी.एम. कंपनीतल्या संशोधकानं १९७० मध्ये घातला. अमेरिकेत १९७९ मध्ये टेराडेटा नावाची कंपनी निघाली. एकच मोठा तक्ता अनेक यंत्रांत वाटून द्यायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी आपापला तुकडा शोधायचा, असं यंत्र तिनं १९८४ मध्ये बाजारात आणलं. ही झाली सावड.

पण दप्तरंच वेगवेगळ्या मालकांची असली आणि रकानेही वेगळे असले तर? १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गिओ विडरहोल्ड यांनी यावर मध्यस्थाची कल्पना मांडली. विचारणारा आणि दप्तरं यांच्यामध्ये एक जाणता मध्यस्थ ठेवायचा. प्रश्न त्याला एकदाच सांगायचा. कुठल्या दप्तराला कुठल्या भाषेत विचारायचं हे त्याला ठाऊक असतं. तो सगळीकडे विचारतो, आलेली उत्तरं जुळवतो आणि एकच उत्तर हातात ठेवतो. पुढं २०१२ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी प्रेस्टो नावाचं साधन घडवायला घेतलं आणि २०१३ मध्ये ते सगळ्यांना फुकट खुलं केलं. निरनिराळ्या ठिकाणी पडलेला साठा जागच्या जागी ठेवून एकाच प्रश्नानं समांतर शोधायचा, हे त्याचं काम. म्हणजे हे हत्यार काही कुणाच्या कुलपात नाही.

इथं एक फरक ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दप्तरं एकत्र आणण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे सगळ्यांचं धान्य एकाच गोदामात ओतायचं. दुसरा म्हणजे धान्य ज्याच्या त्याच्या कणगीत राहू द्यायचं आणि लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, मालकाला विचारून मागून घ्यायचं. पहिल्यात सोय दिसते, पण गोदामाला आग लागली तर सगळ्यांचं जळतं आणि चावी ज्याच्या हाती तो सगळ्यांचा मालक होतो. दुसरा रस्ता शहाणपणाचा. एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशानं २००१ पासून हाच रस्ता धरला. तिथं प्रत्येक खात्याची माहिती त्या त्या खात्याकडेच राहते, खाती एकमेकांना सुरक्षित वाटेनं विचारतात. सरकारकडे एकदा दिलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, हे तिथलं तत्त्व.

एस्टोनिया लांबचा म्हणाल, तर आपल्याच देशात बघा. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये अकाउंट ॲग्रीगेटरचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ पासून मोठ्या बँकांत हे काम सुरू झालं. तुम्ही संमती दिली की तुमच्या निरनिराळ्या बँकांतली माहिती कर्ज देणाऱ्याकडे पोचते. मधला निरोप्या ती साठवत नाही, वाचतही नाही. शहरातल्या पगारदाराला ही सोय मिळते. मग सोयाबीनवाल्यानं काय घोडं मारलंय?

आपल्याकडं काय झालं, काय राहिलं

आपल्याकडं काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. संगणकावर डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, तो घरबसल्या निघतो. निबंधकाकडे दस्त नोंदला की फेरफाराची माहिती महसुलाकडे संगणकानंच जाते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली आणि पेरा लिहिण्याचं काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. आणि आता ॲग्रिस्टॅक. शेतकऱ्याला अकरा अंकी ओळख क्रमांक, त्याला शेत जोडायचं, शेताला नकाशा आणि पेरा जोडायचा. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला.

कल्पना चांगली आहे. नावाऐवजी क्रमांक धरून दप्तरं जुळवली की 'राव' लागला काय आणि नाही लागला काय, फरक पडू नये. बाबु ऱ्हस्व की बाबू दीर्घ यावर माणसाचं अनुदान अडू नये. यंत्राला वेलांटी-उकाराचा फरक म्हणजे माणसाचाच फरक वाटतो. क्रमांक त्यावर उतारा आहे.

पण क्रमांक काढताना जोडणी कशावरून झाली? त्याच जुन्या नावांवरून. सातबाऱ्यावर आजोबा आहेत, आजोबा वारून वीस वर्षं झाली, वारसाचा फेरफार राहिला. नातवाला क्रमांक मिळेल कसा? जमीन बटईनं करणाऱ्याचं काय? त्याचं सातबाऱ्यावर नावच नाही, म्हणून क्रमांकही नाही. घाम त्याचा, पीक त्याचं, नुकसान त्याचं, मदत दुसऱ्याच्या खात्यात. नवरा वारल्यावर दीर-भावजयींच्या समाईक खात्यात अडकलेल्या बाईचं काय? मुळातली नोंद चुकली असेल तर सात दप्तरं एका क्षणात जुळवणारं यंत्र तीच चूक सात ठिकाणी एका क्षणात पोचवतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मराठवाड्याचं दुखणं जुनं

हा प्रश्न सगळ्या राज्याचा असला तरी आपल्या भागात तो जास्त खोल आहे. आपली जुनी दप्तरं निजामाच्या अमलातली, त्यात उर्दू आहे, मोडी आहे. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. प्रत्येक वेळी गाठोडी इकडून तिकडे गेली. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आजही जुन्या वादात शोधत फिरावं लागतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हाही निरनिराळ्या खात्यांची जुनी दप्तरं उघडावी लागली. त्या विषयातलं बरं-वाईट इथं बोलत नाही. पण एकाच कुटुंबाची माहिती किती ठिकाणी विखुरलेली आहे हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

बँकांचंही तसंच. आपल्या भागात घरोघरी पासबुक होतं ते स्टेट बँक ऑफ हैदराबादचं. १ एप्रिल २०१७ ला ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली, शाखांचे कोड बदलले. पासबुकावरचा जुना कोड लिहून अर्ज भरणारा शेतकरी खोटा होता का?

आणि औसेकरांना कागदाची किंमत कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीचा भूकंप झाला, गावंच्या गावं मातीखाली गेली. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी बांधली, तेव्हा कुणाला केवढं घर हे जमिनीच्या नोंदीवरून ठरलं. भूमिहीन आणि हेक्टरापर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्यावर जमीन असलेल्याला ७५०. म्हणजे दप्तरातला आकडा हा भिंतींचा आकडा झाला. ज्याच्या घरात वाटणी तोंडी झाली होती आणि फेरफार झाला नव्हता, त्याच्यासाठी ती काही निव्वळ कारकुनी बाब नव्हती.

घेताना जुळतं, देताना का नाही?

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगतो. २०१७ च्या कर्जमाफीचं आठवतं ना? दीड लाखापर्यंत माफी, ३४ हजार कोटींचा आकडा. बँकांच्या याद्या आणि ऑनलाइन अर्जातली माहिती जुळेना म्हणून वाटप रखडलं. दिवाळी गेली, रब्बीची पेरणी गेली, तरी यादीची वाट. त्या वेळी सांगितलं गेलं की दप्तरं वेगवेगळी, जुळवायला वेळ लागतो.

बरं, लागत असेल. पण मग पीएम किसानच्या यादीतले आयकर भरणारे कसे हुडकले? दोन दप्तरं समोरासमोर ठेवली आणि वसुलीच्या नोटिसा निघाल्या. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या यादीला इतर खात्यांची माहिती लावली आणि सुमारे २६ लाख ३४ हजार नावं अपात्र असल्याचं सांगून त्यांचा लाभ थांबवला. अपात्रांना वगळावं, याबद्दल वाद नाही. सरकारी पैसा हा शेवटी आपलाच पैसा. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. दप्तरं एकमेकांना विचारू शकतात, तीही लाखोंच्या संख्येनं. काढून घेताना यंत्र धावतं. मग देताना ते लंगडं का होतं?

जे यंत्र 'हा अपात्र' असं शोधून काढतं, तेच यंत्र 'हा पात्र आहे, पण ह्यानं अर्जच केलेला नाही' हेही शोधू शकतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातली शिवारं पाण्यात गेली, ऑक्टोबरात ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अशा वेळी कुणाचं शेत कुठल्या गटात, तिथं पेरा काय, मंडळात पाऊस किती, खातं कुठलं हे सगळं सरकारच्याच संगणकांत असतं. ते एकाच वेळी विचारून मदत थेट घरी जावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी पुन्हा कागद गोळा करायला का लावता?

साहेबांचं म्हणणं

अधिकारी म्हणतील, "तुम्ही म्हणता ते खरं, पण घाई केली तर बोगस घुसतात. आणि सगळी माहिती जोडली तर उद्या ती फुटली म्हणून तुम्हीच ओरडाल." दोन्ही मुद्दे रास्त आहेत, उडवून लावण्यासारखे नाहीत. बोगस पीकविम्याचे किस्से आपण ऐकलेत, आणि एक रुपयातली विमा योजना २०२५ मध्ये बंद झाली तेव्हा त्या बोगस अर्जांचं कारण पुढं केलं गेलंच. पण बोगस माणूस हुशार असतो, त्याची कागदं नेहमी जुळलेली असतात. 'जुळत नाही' म्हणून परत फिरतो तो बहुधा साधा माणूस.

आणि माहिती फुटण्याची भीती आहे म्हणूनच म्हणतो, एकाच गोदामाचा हट्ट नको. कणग्या ज्याच्या त्याच्याकडे ठेवा आणि कुणी कधी झाकण उघडलं याची नोंद मालकाला दाखवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं केला आहे. माझ्या शेताची, कर्जाची माहिती कुणी पाहिली हे मला माझ्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. खत-बियाणं विकणाऱ्या कंपनीला माझा पेरा माझ्याआधी कळत असेल, तर ते मला मान्य नाही. तुम्हालाही नसावं.

तर मग करायचं काय?

माझ्या मागण्या साध्या आहेत. पटल्या तर ग्रामसभेत मांडा, ठराव घ्या.

एक. जो कागद सरकारच्या एका खात्यात आहे, तो दुसऱ्या खात्यानं शेतकऱ्याकडे मागू नये. संगणकानं संगणकाला विचारावं.

दोन. नोंद जुळली नाही तर नुसतं 'नामंजूर' म्हणू नये. कुठल्या दप्तरात, कुठल्या रकान्यात, काय लिहिलंय आणि काय हवंय, हे मराठीत छापलेली चिठ्ठी हातात द्यावी.

तीन. दुरुस्ती एकाच ठिकाणी, गावात किंवा मंडळाच्या ठिकाणी, ठरलेल्या दिवसांत व्हावी. लेखनातली चूक दुरुस्त करायला महसूल संहितेत कलम १५५ आहे, आणि वेळेत सेवा देण्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दोन्ही एकत्र वापरा. दुरुस्ती एकदा झाली की ती सातही दप्तरांत आपोआप पोचली पाहिजे.

चार. सगळ्यांना एकदम विचारलं की काम सगळ्यात संथ दप्तराच्या चालीनं चालतं. एखादा सर्व्हर बंदच असेल, तर त्याच्या मौनाचा अर्थ 'नाही' असा धरू नये. यंत्र गप्प आहे म्हणून माणूस अपात्र ठरत नाही.

पाच. बटईदार, वारस-नोंद राहिलेले आणि विधवा खातेदार यांच्यासाठी गावात शिबिरं घ्या. जे दप्तरातच नाहीत त्यांना कुठलंही यंत्र शोधू शकत नाही. ते काम माणसांनाच करावं लागेल.

आणि वाचकहो, थोडं आपल्याकडेही. वारसाचा फेरफार अडवून ठेवणारे आपणच, बहिणीचं नाव लावायला टाळाटाळ करणारे आपणच, वाटणी तोंडी करून 'बघू पुढं' म्हणणारेही आपणच. ई-पीक पाहणी करायला पोराला वेळ नाही, मग पेरा कोरा राहतो आणि दोष मोबाइलला. या उन्हाळ्यात एक काम करा. घरातले सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक एका खाटेवर मांडा, घरातल्या शाळेतल्या पोरीला बसवा आणि चारही ठिकाणचं नाव अक्षर न् अक्षर वाचायला लावा. जिथं फरक दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. पाऊस पडायच्या आत त्या खुणा मिटवायला लागा.

काकांचं काय झालं म्हणाल, तर आठव्या चकरेत एका तरुण कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, दोन्ही संगणकांवरच्या नोंदी शेजारी-शेजारी काढून दाखवल्या आणि कुठला अर्ज कुठं द्यायचा ते कागदावर लिहून दिलं. पाच मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "हेच पयल्या दिवशी सांगितलं आसतं तर मी काय त्याला नको म्हणलो आसतो का?"

या प्रश्नाचं उत्तर सात कार्यालयांना एकाच वेळी विचारायला हवं.